बयाबाईचं मनगट

तुम्ही आपल्या आईला कशावरून ओळखता?

तोंडावरून म्हणाल. बरं, तोंड काढून घेतलं. आवाजावरून म्हणाल. आवाजही काढून घेतला. आता कुठलातरी एक हात तुमचा दंड धरतो, तुम्हाला उठवतो आणि कुठंतरी न्यायला लागतो. तो हात आईचा की रस्त्यावरच्या कुणाचा, हे सांगा. सभेत मी हा प्रश्न विचारतो, तेव्हा पुढच्या रांगेतले शहाणे लोक नेमके इथंच चष्मा पुसायला काढतात. तुम्ही निदान तसं करू नका.

जत तालुक्यातल्या आमच्या वाडीत हरणा नावाची पोरगी आहे. तिला जन्मापासून दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. दोन्ही एकदम. ही पोरगी जगात एकाच बाईला ओळखत होती आणि ती तिच्या मनगटावरून. त्या बाईचं नाव बयाबाई. तिच्यावर जे गुदरलं ते तुम्हाला सांगायचं आहे. ते आणणारी सगळी माणसं माझ्या ओळखीची आहेत. त्यांत वाईट म्हणावं असं एकही नाही आणि त्यामुळंच माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. वाईट माणूस असता तर बाजारात गाठून निकाल लावला असता.

बयाबाई म्हणजे गरीब गाय नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. उंच, हाडापेरानं थोराड, मिश्रीनं दात काळे केलेले आणि तोंड असं, की तिच्या मेंढरांना राखणीला कुत्रं लागू नये. माहेरची माणसं मेंढरांमागं फिरणारी, सासरचीही तीच. नवरा धुळा लग्नानंतर मुंबईला गेला, गोदीत लागला आणि तिथंच दुसरी बाई करून राहिला. हिला मूलबाळ नाही. दीर आप्पासो, त्याच्या घराला लागून एक छप्पर होतं, त्यात ही राहायची. कुणी कीव करायला आलं की म्हणायची, "त्यो गेला, त्याच्या संगं त्याचं घोरणंबी गेलं. मला लय झ्याक झोप लागती." पण कपाळाला कुंकू ठसठशीत आणि दोन्ही हात हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेले. नवरा जिवंत होता ना, मुंबईत का असेना.

बहात्तरच्या दुष्काळात वाडीच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. सगळी वाडी त्या मातीवर. कामावरच्या लोकांची गाऱ्हाणी घेऊन साहेबांशी भांडायचं काम मी करत होतो. मला ते कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं. कामकरी बायकांची लहान पोरं लिंबाच्या सावलीत ठेवायची आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक बाई नेमायची असा नियम होता. मुकादमानं बयाबाईला नेमलं.

त्या सावलीत एक पोरगी कमरेला दावं लावून खुंटीला बांधलेली होती. असेल चारेक वर्षांची. डोकं जमिनीवर आपटून आपटून कपाळाला घट्टा पडलेला. ती हरणा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलोच.

"पोरगी हाय का करडू? कुणी बांधली हिला?"

माती वाहणारी एक बाई थांबली. पाटी डोक्यावरच. ती हरणाची आई, बनुबाई.

"मी बांधली. सोडली तर मातीच्या खाणीत जाती. तुमी बसताय का धरून, नानासो?"

मला नानासो म्हणतात. मी काही बसलो नाही. बयाबाई बसली.

बनुबाईच्या घरी या पोरीचं कारण केव्हाच ठरून गेलं होतं. सासू रंगूबाईचं म्हणणं, ग्रहणात सुनेनं विळीवर भाजी चिरली. खरी गोष्ट अशी, की पोटुशी असताना तिसऱ्या महिन्यात बनुबाईला दोन दिवस ताप आला होता आणि अंगावर बारीक पुरळ उठलं होतं. पुढं मिरजेच्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं, तेवढ्यानंही असं होऊ शकतं, विळीचा काही संबंध नाही. मी रंगूबाईला हे अगदी समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "व्हय व्हय," म्हणाली, "पर चिरली व्हती की."

अशा माणसांपुढं काय करायचं, सांगा.

तर बयाबाई बसली. बसली म्हणजे काय केलं? दावं सोडलं, पोरीसमोर मांडी घातली आणि आपला हात पालथा तिच्या गुडघ्यापाशी नुसता ठेवून दिला. धरला नाही, ओढला नाही. पोरगी झिडकारायची, चावायची. बयाबाई तिला शिव्या घालायची. ऐकणारं कोणी नाही म्हटल्यावर चांगल्या पोटभर घालायची. पण हात तिथंच. मी विचारलं, हे काय आरंभलंय?

"मेंढीला दुसरीचं कोकरू लावायचं असलं तर काय करत्यात? बळंच लावलं तर लाथा घालती. नुसतं तिच्या म्होरं धरून बसायचं. वास घिऊन तिचं तिला ठरवू द्यायचं. तुमास्नी न्हाई कळायचं नाना, तुमची घाईची जात."

मग एकदा पोरीचा हात बांगड्यांवर पडला. काच गार लागली असेल. तिनं त्या वर सरकवल्या, खाली सोडल्या. एकमेकींवर आपटतात ते तिला बोटांत कळत असावं. पुन्हा सरकवल्या. आणि हसली. बनुबाईनं पाटी तिथंच टाकली आणि चिखलाच्या पायांनी धावत आली. पोटची पोर हसताना तिनं तोवर पाहिलेली नव्हती.

पुढचं सगळं त्या बांगड्यांवर उभं राहिलं. बयाबाई जवळ आली की आधी मनगट पोरीच्या हाताखाली द्यायची, म्हणजे मी आले. मग जे करायचं असेल त्याची खूण. पाणी प्यायचं असेल तर तांब्याची कड तळहाताला. जेवायचं असेल तर भाकरीचा तुकडा मुठीत. बाहेर जायचं असेल तर दोन बोटांनी खांदा ओढायचा. आणि उठून जाताना मनगट पुन्हा हाताखाली देऊन एकदा हलवायचं, म्हणजे जाते. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं आणि पहिल्या फटक्यात जमलंही नव्हतं. पोरगी हट्टी आहे म्हणून तिनं हरणाला बडवलंही आहे. एका देवऋषाच्या नादानं तिच्या कानात कसलासा पाला पिळला, कान पिकला, मग मी दोघींना घेऊन दवाखान्यात. वाटेत मी बयाबाईला इतकं बोललो, की तिनं परतीच्या वाटेत एक शब्द काढला नाही. आमच्या वाडीत ही बातमी झाली होती.

मुकादम वैतागला. "बाई सगळ्या पोरांसाठी हाय. ही एकीलाच धरून बसती. मांडू का गैरहजेरी?"

"बाकीची पोरं रडली तर मला ऐकू येतंय, दादा," बयाबाई म्हणाली. "हिला तिचं सोताचं रडंबी ऐकू येत न्हाई. हिला सोडून कुनाकडं बघू?"

मी साहेबांच्या जीपसमोर बसलो. बाकीच्या पोरांसाठी आणखी एक म्हातारी नेमून घेतली. जिंकलो असं वाटलं. दुष्काळ संपला, काम बंद झालं, म्हातारी घरी गेली, साहेबांची बदली झाली. बयाबाई तेवढी रोज सकाळी बनुबाईच्या घरी जात राहिली. दिवाळीनंतर आप्पासोची मेंढरं कृष्णाकाठच्या उसाच्या रानात खतासाठी बसवायला निघायची, तेव्हाही ही मागं राहायची. "म्होरल्या साली येते," म्हणायची. कधी गेली नाही.

चार वर्षांत पोरगी ताटात स्वतःच्या हातानं जेवायला लागली. परसाकडची खूण करायला लागली, पोटावर मूठ. बयाबाईच्या कोपराला धरून विहिरीपर्यंत जायला लागली. मग माझ्या डोक्यात शाळा शिरली.

पहिल्यांदा आम्ही बहिऱ्या मुलांच्या एका शाळेत गेलो. नाव सांगत नाही, नावानं काही बदलत नाही. गुरुजी म्हणाले, "आमच्याकडे ओठ बघून शिकवतात. हिला दिसत नाही. अंधशाळेत न्या." अंधशाळेत गेलो. तिथले म्हणाले, "आमच्याकडे तोंडी शिकवतात. हिला ऐकू येत नाही. बहिऱ्यांच्या शाळेत न्या."

"तिथनंच आलोय," मी म्हणालो.

"मग त्यांना चिठ्ठी देतो ना."

"चिठ्ठी पोरगीच हाय की," बयाबाई म्हणाली. "तिकडनं हिकडं, हिकडनं तिकडं."

शेवटी साताऱ्याकडच्या एका शाळेत एक मोठ्या बाई भेटल्या. कडक, पांढरं पातळ, बोलायच्या कमी. त्यांनी हरणाच्या समोर हात धरला. हरणानं तो चाचपला, बांगड्या नाहीत म्हटल्यावर सोडून दिला आणि बयाबाईचं मनगट शोधून धरलं. बाईंनी हात मागं घेतला.

"मुलगी घेते मी. पण आमच्याकडे एका बाईच्या हाताखाली दहाबारा मुली असतात. एका मुलीमागं एक बाई, हे समितीला पटायचं नाही."

"मग समितीला डोळे बांधून, कानात बोळे घालून एक दिवस बसवा," मी म्हणालो.

"तुम्ही भांडायला आलात की मुलीसाठी?"

"मुलीसाठी," मी हळू आवाजात म्हणालो. हळू मी फार क्वचित बोलतो. बाईंनी मार्ग काढला. सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये दोघींना घेऊन या. मुलगी नव्या जागेत स्वतःच्या हातानं जेवली, परसाकडची खूण केली, तर सहा महिने बयाबाईला सोबत ठेवून घ्यायचं, समितीशी त्या बोलतील. असं कबूल करणारं दुसरं माणूस मला दोन्ही जिल्ह्यांत सापडलेलं नाही.

परत येताना एसटीत बयाबाई मला हळूच म्हणाली, "नाना, सातारला गारठा लय असतोय का? हिला घोंगडं घ्यावं लागंल." त्याच्या आधी मी तिच्या तोंडून पुढच्या दिवसाबद्दल कधी काही ऐकलं नव्हतं.

आणि वैशाखात मुंबईहून गावचा एक माणूस निरोप घेऊन आला. धुळा गोदीत अंगावर ओझं पडून गेला. क्रियाकर्म तिकडंच झालं होतं. तेरा-चौदा वर्षांत या माणसानं बायकोला एक कार्ड टाकलं नव्हतं. पण सुतक आलं, भावकी जमली, बयाबाईला कोपऱ्यात बसवलं. सुतकातल्या बाईनं दुसऱ्याच्या घरी जायचं नाही, म्हणून दहा दिवस हरणा तिकडं आणि ही इकडं. जाते म्हणून सांगायलाही कुणी सोडलं नाही. दहाव्या दिवशी ओढ्यावर नेऊन भावकीतल्या म्हाताऱ्या विधवांनी तिचं कुंकू पुसलं आणि दगडावर हात ठेवून बांगड्या फोडल्या.

मी ओढ्याच्या अलीकडं उभा होतो. गोष्टींमध्ये म्हणतात तशी हरणाची शंका मनाला चाटून गेली वगैरे नाही. कुणाच्याच मनाला नाही. बयाबाईच्याही नाही. नवरा मेला की बांगड्या जातात, हे आम्हाला सूर्य उगवतो इतकं माहीत. त्यात विचार काय करायचा?

संध्याकाळी ती न्हाऊन, दुसरं लुगडं नेसून, मिश्रीसुद्धा न लावता बनुबाईच्या घरी गेली. हरणापुढं बसली. हात पुढं केला. हरणा झडप घालून आली. मनगट धरलं. बोटं कोपरापर्यंत गेली, परत आली, दुसऱ्या हातावर गेली, परत आली. मग तिनं तो हात ढकलून दिला आणि किंचाळली. ते किंचाळणं मला सांगता येणार नाही. तिचं तिलाच ऐकू येत नसल्यामुळं ते कुठं थांबवायचं हे तिला माहीत नव्हतं.

कुणी म्हणेल, हाताच्या कातडीवरून ओळखू नये का? वासावरून? मलाही वाटायचं. कदाचित ओळखलंही असेल. दहा दिवस न सांगता गेलीस कुठं, याचा राग असेल. तो राग सांगायला तिच्याकडं काय होतं? पण पुढचे दिवस तिनं केलं ते असं: बयाबाईच्या हातून घास घेतला नाही, ताट उडवलं, परसाकडची खूण बंद, जागच्या जागीच. आणि घरात येईल त्या बाईचं मनगट धरायची, बांगड्या वर-खाली करून बघायची आणि फेकून द्यायची. विहिरीवर नेलं तर पाणी काढणाऱ्या बायकांचे हात एकेक करून तपासायची. बायका आधी हसल्या, मग डोळे पुसायला लागल्या, मग भ्यायला लागल्या. बयाबाई तिथंच मागं उभी. जिला शोधत होती, ती हाताच्या अंतरावर.

"बांगड्या घाल परत," मी म्हणालो. "मी बघतो कोण आडवं येतं."

जतच्या बाजारात लालासाहेब कासार बसायचा. बयाबाईच्या हातात वर्षानुवर्षं त्यानंच बांगड्या भरल्या होत्या. हात बघितला, कपाळ बघितलं आणि उघडलेली पेटी बंद केली.

"बयाबाई, मला माफ कर. तुजा हात भरला तर उद्यापास्नं एक सवाष्ण माज्याम्होरं हात करायची न्हाई."

"तुझी पेटी उलथून टाकीन, लालासाहेब," मी म्हणालो.

"टाका. काच हाय, लगीच फुटंल. पर भरनार न्हाई."

घोळका जमला. एकजण म्हणाला, पोरीला कळायला पायजे ना, मग बाईच्या हाताला मेंढराची घंटा बांधा. बयाबाई त्याच्याकडं वळली. "तिला ऐकू येत न्हाई रं मुडद्या. घंटा कुनासाठी, तुज्यासाठी?" लोक हसले, घोळका फुटला. हे असं असतं. लोक हसतात आणि घरी जातात.

आप्पासो दिराला बातमी आधीच पोचली होती. तो दारात उभा.

"वयनी, बांगड्याची एवढी हौस आसंल तर म्होतूर लावून देतो की. आपल्यात चालतंय. येतगावचा बिजवर हाय एक, त्याला बाई पायजेच हाय. मंग घाल कोपरापतुर."

आणि खरंच, आमच्या रिवाजात तेवढी एक वाट होती. विधवेनं दुसरं लग्न लावलं, म्होतूर म्हणतात त्याला, की बांगड्या परत. म्हणजे मनगट रिकामं ठेवायचं की भरायचं हे एका पुरुषाच्या असण्यावर. पोरीच्या जगण्यावर नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बयाबाई बोलली.

"चार बांगड्यासाठनं एक आख्खा गडी पोसू व्हय मी? आनि त्योबी मेला तर? तिसरा बघून ठिवलाय का?"

त्याच संध्याकाळी बनुबाईनं काय करावं? हाताला साबण लावून आपल्या बांगड्या उतरवल्या. दोन दोन ठेवल्या, बाकीच्या बयाबाईच्या हातात चढवल्या. हात लहान-मोठे, बयाबाईची कातडी सोलली. मग बयाबाईनं मनगट हरणाच्या हाताखाली दिलं. हरणानं बांगड्या वर सरकवल्या. खाली सोडल्या. पुन्हा सरकवल्या. आणि डोकं बयाबाईच्या छातीवर टाकून अशी झोपली, की जेवायलाही उठली नाही. बनुबाई चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती.

आता जून पंधरवड्यावर आलेला. पोरगी पुन्हा जेवायला लागली, पुन्हा मूठ पोटावर न्यायला लागली. मी साताऱ्याला कार्ड टाकलं, येतो म्हणून.

पण रंगूबाई सासूनं त्या बांगड्या पाहिल्या होत्या. तिचा लेक जोतीराम, म्हणजे हरणाचा बाप, फौजेत होता, आसामात. सुनेच्या सौभाग्याच्या बांगड्या रांडमुंड बाईच्या हातात! ती भांडली नाही, तेच वाईट झालं. भांडली असती तर मी होतो. ती नुसती उंबऱ्यात बसून रडायची. "माज्या ल्योकाच्या जिवावर उठलाय गं तुमी." दर पंधरा दिवसांनी येणारं जोतीरामचं खुशालीचं कार्ड त्या वेळी आलं नाही. पोस्टमन सायकल न थांबवता पुढं गेला. दोन दिवसांनी दुसऱ्या खेपेलाही पुढं गेला. तिसऱ्या खेपेला रंगूबाईनं जेवण सोडलं.

बनुबाई बयाबाईपुढं येऊन उभी राहिली. मी तिथं होतो.

"बये, मला ठावं हाय, ह्यात काय नसतंय. पर माजा जीव लागत न्हाई गं. त्यास्नी काय झालं तर जलमभर मी मलाच..."

मी उसळलो. "आसामात पाऊस पडतोय! टपाल अडकलंय! बांगड्यांचा काय संबंध?"

"आवं तुमी गप ऱ्हावा जरा, नाना," बयाबाई म्हणाली. हरणा तिच्या मांडीवर होती, बांगड्यांशी खेळत. बयाबाईनं एकेक बांगडी उतरवली. हरणाच्या बोटांखालूनच. शेवटची निघाली तेव्हा हरणाचा हात रिकाम्या मनगटावर तसाच राहिला, जरा वेळ. मग तिनं तो आपणहून उचलून घेतला. या वेळी किंचाळली नाही. भिंतीकडं तोंड करून बसली.

जोतीरामचं कार्ड आठवड्यानं आलं. गडी खुशाल होता. पावसानं टपाल अडकलं होतं.

मी बयाबाईला म्हणालो, उद्याच्या उद्या सांगलीहून बांगड्या आणतो, कुणाच्या बापाला विचारायचं नाही. तर तिनं मान हलवली.

"न्हाई. घातल्या, काढल्या. परत घातल्या, परत काढल्या. आता आनिक? तिनं इस्वास ठिवायचा तरी कशावर? दर बारीला मी मरती आनि दर बारीला जित्ती हुती. ती काय खेळनं हाय व्हय?"

ठरल्या दिवशी आम्ही साताऱ्याला गेलो. जायला नको होतं. एसटीत हरणा कुणालाच धरेना. शाळेत ताट समोर आलं ते तिनं भिंतीवर मारलं. मग तिथंच ओली झाली. मोठ्या बाईंनी स्वतः फडकं घेऊन फरशी पुसली. मी त्यांना सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं असेल, कारण वरच्या वर्गातल्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मुलगी हुशार आहे," बाई म्हणाल्या. "पण तिचं सगळं जग एका हातावर टांगलेलं आहे. हा हात उद्या तापानं पडला तर? मी समितीला काय सांगू? दुसरी बाई तयार करा. जिला ही ओळखेल, जिच्या हातून जेवेल. दोघी घेऊन या, मी जागा करते."

"एकीला सोबत घ्यायला तुमची समिती तयार न्हाई, आणि आता दोघी?"

"दोघी आळीपाळीनं राहतील, नानासाहेब. सोबत एकच असेल. पण त्या एकीच्या मागं कुणीतरी असेल."

त्यांचं बरोबर होतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग कसा काढायचा, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी येताना कंडक्टरशी भांडलो.

बयाबाई घरी आली आणि काळ्या लोकरीचा जाड दोर वळायला बसली. पीळ देऊन, मध्ये तीन गाठी मारून कडं केलं आणि मनगटात घातलं. मग पुन्हा मांडी घालून हरणापुढं बसली, हात पालथा ठेवून, पहिल्यापासून. आप्पासो बघायला आला. "ह्ये काय घातलंय?"

"लोकर हाय. बकरा मेला म्हनून मेंढीची लोकर कोन उपटत न्हाई. मानसातच हाय ती रीत."

आप्पासो निघून गेला. त्या कड्याला आजवर कुणी हात लावलेला नाही. पण हरणानं ते मानायला दिवाळी उलटून गेली. तेवढे महिने ती बयाबाईच्या हातून फक्त पाणी घ्यायची. बयाबाई वाळली. एकदा मला म्हणाली, "नाना, मला आता कटाळा आलाय वो." दुसऱ्या दिवशी मी गेलो तर बसलेली होती, हात पालथा ठेवून, हरणाला शिव्या देत.

ही गोष्ट दीड वर्षापूर्वीची. आता हरणा दहा-अकरा वर्षांची आहे. गाठी मोजल्यासारख्या बोटांनी चाचपते आणि ताटाशी बसते. मोठ्या बाईंनी जागा अजून धरून ठेवली आहे, येत्या जूनपर्यंत. त्यापुढं त्या निवृत्त होतात. त्यांच्या जागी कोण येईल आणि त्याला डोळे-कान असतील की नाही, मला माहीत नाही.

अडलंय दुसऱ्या बाईपाशी. मी किती ठिकाणी फिरलो ते सांगत बसत नाही. एक पोरगी आली, ती चावा बसल्यावर संध्याकाळच्या एसटीनं परत. एक विधवा बाई चांगली दोन महिने बसली, हरणानं तिचं बोट धरायला सुरुवात केली आणि भाऊ येऊन तिला घेऊन गेला. त्याच्या शेतातली भांगलण अडली होती. बनुबाई स्वतः बसते. पण तिच्या मांडीवर धाकटं आहे आणि रंगूबाई आता अंथरुणाला खिळलेली. आमच्या वाडीतल्या बाया म्हणतात, हरणापाशी बसलं की पोटातलं पोर तसंच निपजतं. संस्थांना लिहिलं. त्यांचे छापील आभार आले. एका पुढाऱ्यानं सभेत हरणाला स्टेजवर आणा म्हणून सांगितलं, तेव्हा मी त्याला जे उत्तर दिलं ते इथं छापता येणार नाही. बयाबाईला मधून मधून थंडी वाजून ताप येतो. आला की हरणा उपाशी.

म्हणून तुम्हाला सांगतो. मला देणगी नको, सत्कार नको, तुमची हळहळ तर बिलकूल नको. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत एखादी बाई असेल. विधवा असो, टाकलेली असो, लग्न न झालेली असो. जिला कुणी विचारत नाही, पण जिच्या अंगात दम आहे आणि चावा बसल्यावर जी घरी पळणार नाही. तिला घेऊन या. सहा महिने बयाबाईपाशी बसवा. जेवणाखाण्याचं आणि राहण्याचं आमच्याकडं लागलं. जतच्या बाजारादिवशी स्टँडवर उतरा आणि कुणालाही नानासो कुठं असतो विचारा, मी तिथंच कुणाशीतरी भांडत असेन. जूनच्या आधी या.